आमच्या जिन्याचं समीकरण

आमच्या जिन्यात सतरा पायऱ्या आहेत. दोन्ही अंगांना भिंती आहेत. एक दिवा आहे, त्याची बटणं दोन. वरचं चालतं, खालचं चालत नाही. टपालाच्या चार पेट्या आहेत आणि त्यांना मिळून तीन कुलपं आहेत. ‘जिन्यात सामान ठेवू नये’ अशी एक पाटी आहे आणि त्या पाटीखाली ठेवलेली एक सायकल आहे. वरून खाली येताना धरता येईल असं काहीही नाही.

हे सगळं मी सोमवारी सकाळी वहीत लिहून काढलं, कारण कुठल्याही कामाची सुरुवात निरीक्षणाने करावी असं मला पदवीची तीन वर्षं शिकवण्यात आलं. प्रत्येक पायरीची उंची मात्र मी मोजली नाही. पुढचं सगळं त्यातून झालं.

काम साधं होतं. आत्याच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला सहा आठवडे झाले होते आणि व्यायाम शिकवायला घरी येणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की आता जिना उतरायला हरकत नाही, फक्त डाव्या हाताला वरपासून खालपर्यंत अखंड आधार हवा. आधार म्हणजे भिंतीला बसवलेली लोखंडी दांडी. आणि ती रविवारच्या आत हवी होती.

रविवारचं कारण म्हणजे आत्याची मैत्रीण. या बाई समोरच्या इमारतीत तळमजल्यावर राहतात. दोघी सव्वीस वर्षं रोज संध्याकाळी पाच वाजता गल्लीपलीकडच्या बाकावर बसत आल्या. मैत्रिणीला दम लागतो, म्हणून ती आमचा जिना चढू शकत नाही. फोनवर तिला ऐकू येत नाही. त्यामुळे ऑपरेशन झाल्यापासून आत्या आमच्या गॅलरीतून आणि मैत्रीण बाकावरून, अशा त्या खुणांनी बोलत. त्या खुणांमधून सगळ्या गल्लीला आत्याच्या गुडघ्याची प्रगती कळे, फक्त मैत्रिणीला कळत नसे. आता तिची मुलगी रविवारी अकरा वाजता गाडी घेऊन येणार होती आणि तिला कायमची आपल्याकडे घेऊन जाणार होती. ते गाव इथून नऊ तासांवर आहे.

बाबांचं म्हणणं होतं, की त्यात काय एवढं, अक्काला खुर्चीत बसवून चौघांनी उचलून खाली नेऊ. पण आत्याला इस्पितळातून घरी आणताना हा प्रयोग झाला होता. तेव्हा नवव्या पायरीवर चौघांपैकी एकाचा फोन वाजला, त्याने “एक मिनिट हं” म्हणून आपला पाय खाली टेकवला, म्हणजे खुर्चीचा, आणि सगळं बोलणं संपेपर्यंत आत्या तिरकी बसून राहिली. तेव्हापासून खुर्चीचं नाव काढलं की ती एकच वाक्य म्हणते.

“मला कपाटासारखं नेणार असाल तर मी येत नाही.”

तेव्हा दांडी. आणि दांडी म्हणजे सरळ रेषा. जिना तिरका, म्हणून रेषा तिरकी. ती किती तिरकी, हे काढायला दोन बिंदू पुरेत, कारण दोन बिंदूंमधून एक आणि एकच सरळ रेषा जाते. हे इतकं निर्विवाद आहे, की त्यावर आजवर कोणी भांडल्याचं मी ऐकलेलं नाही. आमच्या इमारतीत तर पाण्याच्या टाकीच्या झाकणावरूनही भांडणं होतात.

मोजायला घरात एकच टेप होती, आत्याच्या शिवणाच्या डब्यातली. आत्या शाळेत शिवणकाम शिकवायची. ही टेप दीड मीटरची. दीड मीटरमध्ये सतरावी पायरी येत नाही. मी पहिली आणि दुसरी पायरी घेतली. दोघींमधलं आडवं अंतर सत्तावीस सेंटिमीटर, उभं अंतर पंधरा. पंधरा भागिले सत्तावीस म्हणजे पाच नवमांश. उत्तर इतकं सुटसुटीत आल्यावर मला खात्रीच पटली. सुटसुटीत उत्तर आलं म्हणजे ते बरोबर असतं, ही समजूत मला कोणी शिकवली ते आता आठवत नाही. पण ज्याने शिकवली त्याने जिना मोजला नसावा.

दांडी पायरीपासून किती उंच हवी हे पुस्तकात नव्वद सेंटिमीटर दिलं होतं. पहिल्या पायरीच्या कडेपासूनचं आडवं अंतर क्ष, तिथली दांडीची उंची य. मग य = (५/९)क्ष + ९०. मी हे समीकरण कागदावर लिहिलं, त्याभोवती चौकट काढली आणि थोडा वेळ नुसतीच बघत बसले.

जिना सगळ्यांचा असल्यामुळे भिंतीला भोक पाडायचं तर इमारतीच्या समितीची परवानगी लागते. समिती म्हणजे सेक्रेटरीकाका. बाकीचे सभासद आहेत, पण ते फक्त सहीपुरते. काका आयुष्यभर दफ्तर सांभाळायच्या खात्यात होते आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी आमची इमारत हेच दफ्तर मानलं आहे. मंगळवारी त्यांनी माझा अर्ज चष्मा काढून एकदा आणि चष्मा लावून दोनदा वाचला. अर्जावर तारीख उजवीकडे हवी होती ती डावीकडे होती, आकृती तीन प्रतींत हवी होती ती एका प्रतीत होती, हे मला अपेक्षित होतं. समीकरणावर ते अडतील असं वाटलं नव्हतं.

क्ष म्हणजे किती, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तो बदलता आहे. आणि य? तोही बदलता. काकांनी पेन खाली ठेवलं.

“दोन्ही बदलतात म्हणतेस. मग आम्ही मंजूर नक्की काय करायचं?”

मी समजावलं, की ते वाटेल तसे बदलत नाहीत. एक बदलला की दुसरा त्याच्या प्रमाणात, ठरलेल्या नियमाने बदलतो. काका म्हणाले, “म्हणजे संगनमत आहे.”

शेवटी असं ठरलं, की समिती समीकरणाला मंजुरी देणार नाही, आकड्यांना देईल. दांडीला सात ठिकाणी ब्रॅकेट लागणार होते, दर बहात्तर सेंटिमीटरला एक. पाच नवमांशाच्या कृपेने दर ब्रॅकेटला दांडी बरोबर चाळीस सेंटिमीटर चढत होती: ९०, १३०, १७०, असं करत ३३०. काकांनी त्या सात ओळींच्या तक्त्यावर सात सह्या केल्या, प्रत्येकीशेजारी शिक्का मारला आणि खाली लिहिलं, की यात मिलिमीटरचाही फरक झाल्यास परवानगी रद्द समजावी.

त्याशिवाय शेजाऱ्यांची हरकत नसल्याचं पत्र हवं होतं. आमच्या समोरच्या दारात गणिताच्या शिकवणीवाल्या बाई राहतात. त्या पत्र आनंदाने देणार होत्या, पण आधी त्यांनी आकृती मागितली, तांबडं पेन घेतलं आणि उत्तराशेजारी एकक लिहिलं नाही म्हणून अर्धा गुण कापला. माझी पदवी पहिल्या वर्गातली आहे हे मी सहज बोलता बोलता सांगितलं. त्यांनी तेही सहज ऐकून घेतलं.

“दोन बिंदू इतके जवळचे का घेतलेस गं? लांबचे घ्यावेत. मी नववीच्या वर्गालाही सांगते.”

मी म्हटलं, रेषा तीच येते, बाई. त्यांनी मान डोलावली. शिकवणी घेणाऱ्यांची अशी एक मान डोलावण्याची तऱ्हा असते, तिचा अर्थ होकार नसतो. ते मला गुरुवारी कळलं.

बुधवारी वेल्डिंगवाले येऊन माझ्या हिशेबातली लांबी लिहून घेऊन गेले आणि गुरुवारी दुपारी दांडी घेऊन आले. अबोल, सावकाश काम करणारा माणूस. त्यांनी जिन्याकडे वरून खाली एकदा पाहिलं आणि म्हणाले, “मॅडम, दोरी मारून घेऊ का?” म्हणजे वरच्या पायरीपासून खालच्या पायरीपर्यंत गेरू लावलेली दोरी ताणायची आणि तिची भिंतीवर रेघ उठवायची. मी त्यांना समजुतीच्या सुरात सांगितलं, की दोरीची गरज नाही, आपल्याकडे समीकरण आहे. त्यांनी तक्ता हातात घेतला. सात सह्या आणि सात शिक्के बघून त्यांनी नकळत पायातल्या चपला काढल्या.

तिथून पुढे त्यांनी जे केलं ते अत्यंत काटेकोर होतं. पाण्याच्या नळीने पातळी घेऊन, पहिल्या पायरीपासून मोजत, प्रत्येक भोक तक्त्याप्रमाणे, मिलिमीटरचाही फरक न करता. तिसऱ्या भोकाला भिंतीतली एक वायर लागली. ती शिकवणीवाल्या बाईंच्या दारावरच्या घंटेची निघाली. तेव्हापासून जिन्यातला दिवा लावला की बाईंची घंटा वाजते आणि दिवा बंद करेपर्यंत थांबत नाही. बाईंनी दार उघडून विचारलं, कोण आहे? मी खालून म्हटलं, दिवा.

पाचव्या ब्रॅकेटच्या वेळी बाबा वरून डोकावले आणि म्हणाले, की हे जरा खाली जातंय असं नाही का वाटत? मी म्हटलं, तुम्ही वरून बघताय म्हणून तसं दिसतं, हा दृष्टिभ्रम आहे. बाबांचं माझ्या शिक्षणावर फार प्रेम आहे. ते आत गेले.  वेल्डिंगवाल्यांना चौथ्या ब्रॅकेटलाच कळलं होतं, असं त्यांनी नंतर सांगितलं. मग बोलला का नाहीत, असं मी विचारलं. ते म्हणाले, “सह्या होत्या ना.”

पाच वाजता आत्या दाराबाहेर आली. तिने केस विंचरले होते, चांगली साडी नेसली होती आणि बाहेरच्या चपला घातल्या होत्या. सहा आठवड्यांत त्या चपला पहिल्यांदाच तिच्या पायात होत्या. जिन्याच्या तोंडाशी उभं राहून तिने डावा हात नेहमीच्या उंचीवर पुढे केला. तिथे भिंत होती. हात खाली नेला. तिथेही भिंत होती. दांडी तिच्या गुडघ्याच्या थोडी वर होती. जो गुडघा सांभाळायचा तो आणि दांडी, दोघं जवळजवळ एका पातळीत.

“हे कोणासाठी केलंयस? मांजरासाठी?”

मी टेप लावली. साठ सेंटिमीटर. तळाला नव्वद, माथ्याला साठ. आत्याने वाकून पाहिलं आणि लगेच सरळ झाली, कारण वाकायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मग ती आत गेली, चपला काढल्या आणि गॅलरीचं दार लावून घेतलं. खाली मैत्रीण बाकावर येऊन बसली होती. ती पंचवीस मिनिटं वर बघत होती. मग एक हात डोळ्यांवर धरून आणखी दहा मिनिटं बघत होती. मग ती उठून गेली.

 बाबा फोनपाशी गेले आणि रविवारी सकाळसाठी चार माणसं सांगून ठेवली. खुर्चीचे पाय घट्ट आहेत की नाही तेही पाहिलं. पहिल्या वर्गातल्या पदवीधराच्या आयुष्यात याहून अपमानाचा क्षण असू शकतो, पण मला अजून तो माहीत नाही.

शुक्रवारी सकाळी मी सगळ्या पायऱ्या मोजल्या. दुसरीपासून पुढची प्रत्येक पायरी आपल्या खालचीपेक्षा सतरा सेंटिमीटर वर होती. सतरा, सतरा, सतरा, अशा पंधरा नोंदी झाल्या. फक्त पहिली आणि दुसरी यांच्यात पंधरा. म्हणजे दर पायरीला माझी दांडी दोन सेंटिमीटर मागे पडत गेली आणि पंधरा पायऱ्यांनंतर तीस सेंटिमीटर मागे राहिली. हिशेब चोख होता. मी माझ्या चुकीचा उगम शोधत पहिल्या पायरीवर बसले, आणि मग मी कशावर बसले आहे याकडे माझं लक्ष गेलं.

ती संगमरवरी फरशी होती. जाडी दोन सेंटिमीटर. सेक्रेटरीकाकांच्या पहिल्या कार्यकाळात जिन्याला रंग लावला होता, त्या घटनेची आठवण म्हणून ती मूळ पायरीवर चिकटवलेली होती. त्यावर समितीच्या पाच सभासदांची नावं कोरली होती, काकांचं सर्वांत वर. रंग कधीच उडाला होता. मी बावीस वर्षं त्या नावांवर पाय देत आले होते आणि शास्त्रीय निरीक्षणात मला ती फरशी दिसली नव्हती.

आत्या वर दारात स्टूल टाकून बसली होती. मी तिला तिथूनच सगळं सांगितलं. पंधरा, सतरा, फरशी, दोन सेंटिमीटर. तिने शांतपणे ऐकलं.

“आणि नव्वद कुठून आणलेस?”

मी म्हटलं, पुस्तकातून.

“चाळीस वर्षं मुलींना एकच सांगत आले. माप माणसाचं घ्यायचं, मग कापड कापायचं. तू भिंतीचं घेतलंस. दांडी भिंत धरणार आहे का?” मग तिने आपली काठी माझ्याकडे फेकली. ती पाचव्या पायरीवर पडली.

तिला जिना उतरता येत नव्हता, पण काठीला येत होता. आत्या उभी राहिली, कोपर किंचित वाकवून जिथे हात आपोआप येतो तिथे काठीवर मी खडूने खूण केली. चौऱ्याऐंशी सेंटिमीटर. आत्या ठेंगणी आहे. हे मला जन्मापासून दिसत होतं, पण मी ते आधारसामग्रीत धरलं नव्हतं. मग मी काठी घेऊन प्रत्येक पायरीवर उभी केली आणि खुणेच्या पातळीवर भिंतीवर खडूचा ठिपका दिला. सतरा ठिपके. वर आत्या सूचना देत होती, की काठी तिरकी धरू नकोस, तिरकं उभं राहायला मी काही खुर्चीत नाहीये.

सतरा ठिपके झाल्यावर मी शिकवणीवाल्या बाईंकडे दोरी मागायला गेले. त्यांनी दोरी दिली आणि तिचं एक टोक स्वतः येऊन धरलंही. दोरी ताणल्यावर सोळा ठिपके बरोबर तिच्या रेषेत आले. उरलेला एक, म्हणजे संगमरवरावरचा, दोन सेंटिमीटर वर राहिला. य = (१७/२७)क्ष + ८२. बाईंनी ते वाचलं आणि म्हणाल्या, की एकक अजूनही लिहिलेलं नाही.

राहता राहिले सेक्रेटरीकाका. मंजूर झालेली रेषा एक आणि आता बसवायची रेषा दुसरी, म्हणजे नवा अर्ज, नवा तक्ता, नवी मंजुरी. आणि काकांच्या म्हणण्याप्रमाणे मंजूर रेषा आधी रीतसर रद्द करावी लागणार होती, त्यासाठी समितीची सभा, आणि सभेची सूचना आठ दिवस आधी. मी विनवण्या केल्या. आत्याचं सांगितलं, मैत्रिणीचं सांगितलं, रविवारचं सांगितलं. काकांना वाईट वाटलं, पण वाईट वाटण्यासाठी त्यांच्या दफ्तरात रकाना नव्हता. मग त्यांनी विचारलं, की आधीची रेषा चुकली त्याचं कारण अर्जात काय लिहिणार? मी खरं तेच सांगितलं. लिहीन, की पहिल्या पायरीवर समितीने बसवलेल्या फरशीमुळे तिची मूळ उंची बदललेली आहे. आणि सोबत फरशी बसवतानाच्या मंजुरीची प्रत जोडावी लागेल, ती तुमच्या दफ्तरात असेलच.

काकांनी दफ्तराच्या कपाटाकडे पाहिलं. मग खिडकीकडे पाहिलं. मग ते उठून आत पाणी प्यायला गेले आणि बराच वेळ पीत राहिले. बाहेर आल्यावर ते म्हणाले, की इतक्या जुन्या गोष्टी अर्जात कशाला, ‘वृद्ध व्यक्तीच्या सोयीसाठी किरकोळ दुरुस्ती’ एवढं पुरे, आणि किरकोळ दुरुस्तीला मंजुरी लागतच नाही. सगळं मिळून चार मिनिटं. मला त्यांना धमकवायचं नव्हतं. मी खरोखरच प्रत मागत होते. बाबांना मात्र हे अजून पटलेलं नाही. ते तेव्हापासून माझ्याकडे नव्या आदराने बघतात.

शनिवारी वेल्डिंगवाले पुन्हा आले. जुन्या सात भोकांखेरीज नवी सात भोकं पाडली. रेषा आता जास्त चढती, म्हणून जास्त लांब होती. आधीची दांडी सोळा सेंटिमीटर कमी पडली. खालचा तेवढा भाग सोडून द्यावा, शेवटच्या पायरीला काय लागतं, असं बाबांनी सुचवलं. आत्या वरून म्हणाली, की पडणारा माणूस शेवटच्याच पायरीला पडतो, कारण त्याला वाटतं झालं आता. मग सोळा सेंटिमीटरचा तुकडा जोडला, सांधा घासून गुळगुळीत केला आणि सगळ्या दांडीला गंज न धरणारा तांबडा रंग लावला. रंग सकाळपर्यंत वाळेल असं सांगितलं होतं. तो वाळला नाही.

रविवारी साडेआठला खुर्चीवाली चार माणसं येऊन उभी राहिली. आत्याने त्यांना चहा द्यायला सांगितला, म्हणजे त्यांचे हात गुंतून राहतील. मग काठी उजव्या हातात घेतली आणि डावा हात ओल्या दांडीवर ठेवला. बाबा तिच्यापुढे एक पायरी उलटे उतरत होते, दोन्ही हात पसरून, वासरू पकडायला निघाल्यासारखे. मी दिवा लावला, त्यामुळे बाईंची घंटा वाजू लागली आणि बाई बाहेर येऊन दारात उभ्या राहिल्या. नवव्या पायरीवर आत्या थांबली. आम्ही सगळे थांबलो. तिने वळून चहा पिणाऱ्या चौघांकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा उतरू लागली. संगमरवरावर आल्यावर तिचा हात दोन सेंटिमीटर खाली गेला. तिने तो तसाच जाऊ दिला.

सेक्रेटरीकाका खालच्या दारात उभे होते. त्यांनी दांडीचं टोक बोट लावून पाहिलं आणि मग दिवसभर ते बोट पुसत होते.

मैत्रीण बाकावर होती. तिने आत्याला येताना पाहिलं, तरी ती उठली नाही; तिने फक्त पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि आत्याची जागा मोकळी केली. आत्या बसली. मैत्रिणीने तिचा डावा हात धरला, तेव्हा दोघींचे तळवे तांबडे झाले, पण ते त्यांच्या लक्षात आलं नसावं. गाडी अकराला यायची होती. मी पायरीवर वही घेऊन बसले, कारण आता दांडीबद्दल काहीतरी बोलणं होईल असं मला वाटत होतं, आणि मैत्रिणीशी मोठ्याने बोलावं लागत असल्यामुळे मला प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू येत होता.

आठ बावन्नपासून दहा चव्वेचाळीसला गाडी आली तोपर्यंत, एकूण एक तास बावन्न मिनिटं. दांडीचा उल्लेख: शून्य वेळा.